परमिटच्या सिमेंटचा गिलावा

प्रश्न: आमचं घर इंदूरला रामबागेत आहे. आजेसासऱ्यांनी १९३४ साली बांधलेलं, दुमजली, दीड फुटी विटांच्या भिंती. मागच्या दोन खोल्या १९८६ मध्ये वाढवल्या, त्या सिमेंटच्या आहेत. १९७९ मध्ये सासऱ्यांनी जुन्या घराला बाहेरून सगळीकडे सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. गेली चार-पाच वर्षं तो फुगतोय. यंदा जुलैत दाराच्या वरचा परातीएवढा तुकडा ओट्यावर पडला. बैठकीच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल आहे, पांढरा खार सुटतोय. ठेकेदार म्हणतो, ब्रेकर लावून आठ दिवसांत सगळं मोकळं करतो, मग वॉटरप्रूफ केमिकल घालून पक्का सिमेंट गिलावा करतो आणि समोरून टाइल्स लावतो. पुण्याचे धाकटे दीर म्हणतात, एकदाच काय ते करून टाका. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. ‘त्यांनी पोटाला चिमटा घेऊन केलेलं काम तुम्ही फोडणार’, एवढंच त्या म्हणाल्या आणि तेव्हापासून या विषयावर बोलतच नाहीत. काय करावं? – एक वाचक, रामबाग

ताई,

आधी दाराच्या वरचं बघा. बाकी सगळं दिवाळीपर्यंत थांबेल, ते थांबणार नाही. पाऊण इंच जाडीच्या सिमेंट गिलाव्याचं वजन चौरस फुटाला साडेतीन किलोच्या आसपास भरतं. तेवढं ओझं वरच्या मजल्यावरून कुणाच्या डोक्यात पडलं तर काय होईल, हे मी लिहायला नको. पावसानं दोन दिवस उघाड दिली की एका मिस्त्रीला बोलवा आणि दार, ओटा, गल्ली यांच्या वर जेवढा भाग सुटलाय तेवढाच हातानं उतरवून घ्या. तोवर ओट्याला दोरी बांधा, शेजारच्या मुलांनाही तिथे खेळू देऊ नका. उघड्या पडलेल्या जागेवर ताडपत्री टांगा, पण भिंतीला चिकटवून नको. मागून वारा खेळला पाहिजे. याहून जास्त भिंत भर पावसाळ्यात उघडी करायची नाही.

आता ठेकेदाराचा बेत. तो मला मान्य नाही, आणि का नाही ते नीट सांगते, कारण पुण्याला फोनवर हे तुम्हालाच समजावून सांगावं लागणार आहे.

पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला, म्हणजे तुमचं घर बांधलं तेव्हा सिमेंट देशात बनत होतं. तरी त्या काळातल्या जुन्या इंदुरी घरांच्या भिंती उघडल्या की मला बहुतेक वेळा विटांच्या मध्ये चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटीच सापडते. तुमच्याकडे काय आहे, ते तुकडा पडला त्या जागी बघता येईल. दोन विटांमधल्या सांध्यात किल्ली ओढून पाहा. भुरकट पांढरा किंवा गुलाबीसर माल निघाला, त्यात विटेचे लाल कण आणि चुन्याच्या बारीक पांढऱ्या गाठी दिसल्या, तर तो चुना. करडा असेल आणि किल्लीला दाद देत नसेल, तर सिमेंट. सिरका टाकून फेस येतो का ते बघा, असं कुणी सांगेल. त्यावर जाऊ नका, जुन्या सिमेंटलाही फेस येतो.

मी सांध्यात चुना आहे असं धरून पुढे लिहिते.

चुन्यातली विटांची भिंत पाऊस लागला की थोडं पाणी पिते आणि उघाड मिळाली की ते ऊन-वाऱ्याला परत देते. दीड फूट जाडीत हा व्यवहार वर्षानुवर्षं चालतो आणि आतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. सिमेंटचा गिलावा या भिंतीपेक्षा घट्ट आणि ताठ असतो. भिंत मात्र स्थिर नसते. मालव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचं जुनं घर थोडं थोडं हलत राहतं. चुना त्या हालचालीबरोबर जरासा दबतो, ताणला जातो. सिमेंटला केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आत शिरतं, पण बाहेर यायला तेवढीच केसभर वाट. मग ते दुसरी वाट शोधतं, आणि ती तुमच्या बैठकीतून जाते. विटांतले आणि जमिनीतले क्षार त्या पाण्याबरोबर सरकतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे बनतात, आणि ते खडे वाढताना वीट आणि गिलावा यांची पकड सोडवतात. आपले मिस्त्री त्याला लोना लागला म्हणतात. बाहेरचा फुगवटा आणि आतला पांढरा खार हे एकाच पाण्याचं काम आहे.

म्हणून त्याच भिंतीवर आणखी घट्ट, आणखी वॉटरप्रूफ थर चढवला तर पाणी आणखी कोंडेल. टाइल्सनी तर आहे ती वाटही बुजेल. पाच-सात वर्षं समोरून घर छान दिसेल, आणि आत विटा भुसभुशीत होत जातील.

एवढं लिहिल्यावर तुमच्या सासऱ्यांबद्दल लिहिणं भागच आहे. १९७९ मध्ये सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परमिटसाठी अर्ज करायचा, खेटे घालायचे, मंजूर होतील तेवढीच पोती उचलायची. हे नियंत्रण १९८२ मध्ये अर्धंमुर्धं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्या दिवसांत सबंध दुमजली घराला पुरेल एवढं सिमेंट जमवणं म्हणजे काय होतं, ते सासूबाईंना ठाऊक आहे. म्हणूनच त्यांना लागलं. तेव्हा मिळू शकणारी सगळ्यात मोलाची वस्तू त्यांनी घराला घातली, आणि तेव्हाच्या जाणत्या माणसांनीही त्यांना हेच सांगितलं असतं. सासूबाईंशी बोलताना ‘चूक’ हा शब्द वापरू नका. चाळिसाहून जास्त पावसाळे त्या गिलाव्यानं अंगावर घेतले.

आता काढायचं कसं.

नवरात्रानंतर हवा कोरडी झाली की एका माणसाला शिडीवर चढवून सगळी भिंत ठोकून घ्या, छिन्नीच्या लाकडी मुठीनं किंवा नाण्यानं. घट्ट जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी माठ वाजवल्यासारखा पोकळ. पोकळ भागांभोवती खडूनं रेघ ओढा आणि समोर उभं राहून फोटो काढा. हा नकाशा फार बोलका असतो. पोकळी पन्हाळाखाली असेल तर पाणी वरून येतंय, खिडकीच्या कोपऱ्यांशी असेल तर भिंत हललीय, जमिनीलगत पट्टा असेल तर पाणी खालून चढतंय. तुमच्या पत्रावरून मला तिन्ही असतील असं वाटतं.

मग एक नमुना. तीन फूट बाय तीन फूट जागा, दर्शनी भिंतीवर नको, बाजूच्या भिंतीवर. तिथला सिमेंटचा थर हातानं उतरवायचा. छिन्नी भिंतीत सरळ ठोकायची नाही, आडवी धरून थराच्या मागे सरकवायची, म्हणजे गिलावा भाकरीसारखा उचलला जातो. खाली काय निघतं ते बघा. पुष्कळ घरांत सिमेंटखाली जुना चुन्याचा थर असतो, त्यावर नुसते टोचे मारून सिमेंट चढवलेलं असतं. तो चुना घट्ट असेल तर त्याला हात लावू नका. तुम्हाला सिमेंट काढायचं आहे, आजेसासऱ्यांच्या वेळचा चुना नाही. आणि सिमेंट उचलताना विटेची पापुद्री त्याच्याबरोबर यायला लागली तर तिथेच थांबा. जिथे सिमेंट विटेला इतकं घट्ट धरून बसलंय तिथे ते काढण्यात नुकसान जास्त आहे. तो तुकडा आणखी काही वर्षं राहू द्या.

ब्रेकरबद्दल मी एवढी हट्टी का, त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत जुन्या इंदूरच्या एका घरावर माझ्या देखरेखीखाली जड ब्रेकर लावला गेला. दोन दिवसांत भिंत मोकळी झाली, मालक खूश. तिसऱ्या दिवशी मी विटांवरून हात फिरवला तर तळवा लाल झाला. जुन्या विटेची बाहेरची कातडी भट्टीत चांगली भाजून कडक झालेली असते, आतला गाभा मऊ असतो. ब्रेकरनं अर्ध्याहून जास्त विटांची ती कातडी उडवली होती. पुढच्या पावसात त्या विटा स्पंजासारखं पाणी प्यायल्या. त्या घरातल्या आजोबांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून चुन्यातल्या भिंतीवर मी जड मशीन चढू दिलेलं नाही. अगदीच चिवट जागी हातात सहज पेलणारं हलकं चिपिंग मशीन, तेही तिरकं धरून, एवढी सूट मी देते.

काम वरून खाली करायचं. वरचा सुटलेला भाग उतरवल्याशिवाय खाली छिन्नी लावायची नाही. खालचा आधार गेला की वरची आख्खी फळी एकदम सुटते आणि खाली माणूस उभा असतो. परांची भिंतीला बांधलेली हवी. नुसत्या टेकवलेल्या बल्ल्या नकोत. खांबावरून घरात येणारी विजेची तार परांचीच्या हाताच्या अंतरावर येत असेल तर वीज कार्यालयात अर्ज करून आधी तिची व्यवस्था करा. धुळीला हलकं समजू नका. गिलाव्यातल्या वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात कायमची बसते. उतरवायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडा, कामगारांना एन-९५ मास्क आणि चष्मे तुम्ही स्वतः आणून द्या आणि घातलेत ना ते बघा. दारं-खिडक्यांवर जुना तेलरंग असेल तर तो कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. लहान मुलं आणि सासूबाई त्या दिवसांत मागच्या खोल्यांत राहोत.

खिडक्यांच्या भोवती किंवा छज्ज्याखाली चुन्याची नक्षी, गोलवा, पट्टे असतील तर काम सुरू होण्याआधी पुठ्ठा कापून त्यांचा आकार उतरवून ठेवा. नंतर मिस्त्री ‘असंच होतं’ म्हणून काहीही बनवतो.

चारही बाजू मिळून दोन हजार चौरस फूट भरल्या आणि सगळा गिलावा उतरला तर सात टनांच्या घरात मलबा होईल. तो रस्त्यावर ढीग करून ठेवाल तर आपल्या शहरात दंड बसेल, आणि बसावाच. बांधकामाच्या मलब्यावर प्रक्रिया करणारा नगर निगमचा प्रकल्प देवगुराडियाला आहे. गाडीचा बंदोबस्त आणि खर्च ठेक्यातच लिहून घ्या. ठेका चौरस फुटावर ठरवा, काढण्याचा दर वेगळा आणि नव्या गिलाव्याचा वेगळा. एकठोक रक्कम ठरली की ठेकेदाराला घाई सुटते, आणि घाई सुटली की ब्रेकर येतो.

गिलावा निघेपर्यंत पाण्याचा उगम शोधून झालेला हवा. कठड्याचा माथा फुटलाय का, पन्हाळं भिंतीपासून दूर पाणी टाकतात का, कुठे पिंपळ रुजलाय का हे एका पावसात छत्री घेऊन उभं राहिलं तरी कळतं. पिंपळ उपटायचा नाही, कापून मूळ मारायचं. उपटला तर तो विटा घेऊन येतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर असेल तर तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं आडवी चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर चीर अजून चालतीय. करंगळी शिरेल एवढी चीर असेल तर गिलाव्याचा विचार बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

बैठकीतल्या ओलीचं कारण मला रस्त्यात दिसतं. आपल्या जुन्या वस्त्यांत रस्त्यावर थरावर थर चढत गेले. पूर्वी तीन पायऱ्या चढून जायची घरं आता एका पायरीवर आली. तुमच्या ओट्याच्या किती पायऱ्या रस्त्यानं गिळल्या ते सासूबाईंना विचारा. जोत्याशी पाणी साचतं आणि बाहेरचा सिमेंट गिलावा थेट जमिनीपर्यंत आलेला असल्यामुळे पायथ्याला सुकायला वावच नाही. वरचं काम करायला पैसे कमी पडले तरी चालेल, पण वरचे सुटलेले भाग उतरवून झाल्यावर खालचे तीन-साडेतीन फूट चारही बाजूंनी जरूर मोकळे करा. पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार द्या. ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे, आणि बैठकीतला फरक दुसऱ्या हिवाळ्यात दिसतो. आतला खार कोरड्या ब्रशनं झाडून सुपड्यात भरून बाहेर टाका, ओल्या फडक्यानं पुसू नका; पुसलात तर तो विरघळून परत भिंतीत जातो. अ‍ॅसिडनं धुवायला तर कुणालाच देऊ नका.

नोव्हेंबरमध्ये गिलावा उतरवलात तर भिंत फेब्रुवारीपर्यंत उघडी राहू द्या. भिंत सुकायला इंचाला महिना असा आमचा ठोकताळा आहे, म्हणजे तुमची दीड फुटी भिंत पुरती सुकायला बराच काळ जाईल. तेवढं थांबायची गरज नाही, कारण वर चुना लावला तर त्याच्यातूनही ती सुकत राहते. मधल्या काळात सांध्यांतला भुसभुशीत माल अर्धा-पाऊण इंच खोल खरवडून ते सांधे चुन्यानं परत भरून घ्या आणि पीठ झालेल्या विटा बदला.

नव्या गिलाव्यासाठी भिजवून, मुरवून ठेवलेला चुना हवा. आज पोतं फोडलं आणि आजच कालवलं, असं चालत नाही. म्हणून चुना जानेवारीतच भिजत घाला. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेले कोरडे खडे, विरवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळून डोळ्यांत गेला तर डोळा जातो. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग वाळू आणि सुरखी, अर्ध्या इंचाहून जाड थर नाही, एक थर घट्ट झाल्यावरच दुसरा. वर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं, कारण मार्चच्या इंदुरी वाऱ्यात चुना पकडण्याआधीच सुकतो. एप्रिल-मे तर टाळाच. वर चुन्याची पुताई करा. प्लास्टिक रंग लावलात तर एवढ्या मेहनतीनं मोकळी केलेली भिंत परत कोंडाल. मागच्या दोन खोल्या सिमेंटच्या आहेत, त्यांना सिमेंटचाच गिलावा बरा.

‘चुन्याचं काम आता कुणाला येत नाही’ असं ठेकेदार म्हणेल. शहराच्या मधोमध राजवाड्याच्या अलीकडच्या दुरुस्तीत चुना, गूळ, बेलफळ, उडीद, मेथी यांच्या मसाल्याचं काम झालंय. ते हात याच शहरात राबले. शोधायला महिना लागेल आणि मजुरी जास्त पडेल, हे मी लपवत नाही. भाऊजींना सांगा, सगळं घर एका वर्षात करायचं नाहीच. पहिल्या वर्षी दर्शनी भिंत आणि चारही बाजूंचा खालचा पट्टा, बाकीचं पुढच्या हिवाळ्यात.

आणि सासूबाई. १९७९ च्या आधीचं घर पाहिलेलं माणूस तुमच्या घरात आता बहुधा त्या एकट्याच आहेत. चुन्यावर कोणता रंग होता, खिडक्यांना पट्टे होते का, पन्हाळं कुठे होती, मागची भिंत तेव्हाही ओलावत होती का, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. त्यांची परवानगी मागायला जाऊ नका. हे प्रश्न घेऊन जा, आणि परमिटची गोष्ट त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकून घ्या. नमुन्याचा तुकडा उतरवायच्या दिवशी त्यांची खुर्ची अंगणात, धूळ येणार नाही अशा अंतरावर ठेवा. मिस्त्रीला सांगा, खाली जुना थर निघाला की आधी आजींना दाखवायचा. सासऱ्यांच्या गिलाव्याचा जो भाग घट्ट निघेल तो तसाच राहणार आहे, हेही त्यांना तिथेच, भिंतीवर हात ठेवून सांगा.

लग्नाच्या किंवा मुंजीच्या अल्बममध्ये घराच्या दारातला जुना फोटो नक्की असेल. सापडला तर मोठी प्रत काढून मिस्त्रीला द्या. मूळ फोटो मात्र देऊ नका.